बाबांचा शर्ट आणि ग्राफिक्स कार्ड

बाबांना आईशी खोटं बोलताना मी एकदाच पाहिलं.

आणि मी त्यांना साथ दिली.

दोन वर्षांपूर्वीचा दसरा. नोकरी सोडून मी घरूनच इमारतींचे थ्रीडी व्हिडिओ करायला लागले होते. बेंगळुरूजवळच्या होसकोट्याचा एक बिल्डर, माझा पहिला क्लायंट. दसऱ्याच्या संध्याकाळी त्याचं बुकिंग सुरू होणार होतं, आणि तिथे माझा व्हिडिओ लागणार होता.

आदल्या दिवशी खंडेनवमी. आई बेंगळुरूला आल्यापासून तिची खंडेनवमी पक्की इथली झाली आहे. स्कूटर, मिक्सर, शिलाई मशीन, बाबांचे स्क्रूड्रायव्हर, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचा हार.

माझ्या कॉम्प्युटरलाही. "आज त्याला सुट्टी," आई म्हणाली.

दसऱ्याला सकाळी सुट्टी संपली आणि माझं धाबं दणाणलं.

व्हिडिओ बनवायचं रेंडर सुरू केलं की पाच मिनिटांत ग्राफिक्स कार्डचा क्लॉक, म्हणजे त्याचा पळायचा वेग, धाडकन खाली. अठराशेवरून थेट तीनशे. या वेगाने व्हिडिओ दिवाळीपर्यंत झाला असता.

बिल्डरचा फोन. "मॅडम, पाच बजे तक नहीं आया तो मैं दूसरे से करवाता हूँ. बेजार माडकोबेडी."

वाईट वाटून घेऊ नका म्हणे!

कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, ड्रायव्हर, काढून जुना घातला. पॉवर सेटिंग बदललं. दोनदा रीस्टार्ट. तीनशे.

नवीन कार्ड आणावं तर दसऱ्याला इथली कॉम्प्युटरची दुकानं बंद.

"याला कोणी हात लावला होता का?" मी ओरडले.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

बाबा पेपर ठेवून आले. सरकारी कारखान्यात जन्मभर टेस्टिंग केलेला माणूस. घाई हा शब्द त्यांच्या गावीही नव्हता.

"स्वल्प थांब. एका वेळी एकच गोष्ट बदल. नाहीतर कशाने सुटलं ते कळणार नाही."

"बाबा, मला कळायला नकोय! सुटायला हवंय!"

ते चिडले नाहीत. त्याचाच मला जास्त राग आला.

"सुरुवातीला वेग बरोबर असतो?"

"हो."

"मग पडतो. तेव्हा तापमान किती?"

मी पाहिलं. नव्वदच्या पुढे.

"म्हणजे ते बिघडलेलं नाही. भाजतंय म्हणून हळू चाललंय. पंखा बघ."

स्क्रीनवर पंख्याच्या आकड्यापुढे शून्य. बिचाऱ्या सेकंड हँड कार्डला एकच पंखा, तोही खालच्या बाजूला. मेन स्विच बंद केला. आत गरम होतं म्हणून कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण मी कायम काढूनच ठेवायचे. गुडघे दुखत असताना बाबा फरशीवर आडवे झाले आणि मी टॉर्च धरला.

"अगं, तुझा बारीक चिमटा दे जरा," त्यांनी आईला हाक मारली.

आईने चिमटा आणून दिला आणि ती दारात जाऊन उभी राहिली. पदराला हात पुसत होती. हात कोरडेच होते.

"माझ्या हारामुळे तर नाही ना झालं? काल मी याच्यावरच घातला होता."

बाबांच्या चिमट्यात तेव्हा दोरा होता. हाराचा. पंख्याच्या दांड्याला गच्च गुंडाळलेला, टोकाला झेंडूची चुरगळलेली पाकळी.

मला तो दिसला. बाबांच्या पाठीमुळे आईला दिसला नाही.

माझ्या तोंडावर आलं होतं, 'हो, त्यामुळेच!' चार तास जीव टांगणीला लागला होता माझा.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं.

"छे गं. धूळ आहे," ते म्हणाले. "मेट्रोचं काम चालू आहे ना, त्याची."

आणि दोरा शर्टाच्या खिशात.

"हो आई," मी म्हणाले. "धूळच आहे."

आईने एवढा मोठा श्वास सोडला की माझा राग तिथेच विरला.

स्विच सुरू केला. पंखा फिरला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आम्ही दोघं आकड्याकडे बघत बसलो. अठराशेवरून हलला नाही.

"सरी, झालं ठीक," बाबा म्हणाले आणि पेपर वाचायला गेले.

व्हिडिओ वेळेत गेला. त्या बिल्डरचं काम आजही माझ्याकडे आहे.

नंतर मी विचारलं, "खोटं कशाला बोललात?"

"पुढच्या वर्षी ती पूजा करायला घाबरली असती."

बाबा गेले त्या वर्षी आम्ही सण केले नाहीत. आज खंडेनवमी केली. आईने सगळ्यांना हार घातले. माझ्या कॉम्प्युटरसमोर मात्र टेबलावर एकच सुटं फूल, पंख्यापासून लांब.

"आई, याला हार नाही?"

"पंख्यात दोरा जातो ना."

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यांचे शर्ट कोण धुवायचं?"

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

आई फुलावर हळद वाहत होती. "गुडघे दुखत असताना जमिनीवर पडून माझ्यासाठी खोटं बोलले गं. मी कशाला त्यांना खोटं पाडू?"

मग ती रडली. मीही रडले.

बाबा, आई पूजा करायला घाबरली नाही.

एवढंच तुम्हाला कळवायचं होतं.

लेकीचा नमस्कार.