लुले मावशीच्या गावची नावं

कुणाचंही नाव ऐकलं की लुले मावशी दोन प्रश्न विचारायची. अर्थ काय, आणि ठेवलं कुणी? अल्बेनियाच्या डोंगरातून आलेली ही म्हातारी अमेरिकेत, नोव्हायमध्ये आमच्या शेजारी, मुलाच्या घरी राहत होती. मी सांगितलं, "मिलिंद म्हणजे भिक्खूला प्रश्न विचारून भंडावणारा राजा. वडिलांनी ठेवलं." "मग तूही विचार," ती म्हणाली, आणि आमची गट्टी जमली. तिचं इंग्रजी मोडकंतोडकं होतं, पण मला सगळं कळायचं.

तिच्या गावाचं नाव लांडग्याचा खडक. ते कसं पडलं यावरून वरच्या आणि खालच्या आळीत पिढ्यान्‌पिढ्या भांडण. वरचे म्हणायचे, खडकावर लांडगे जमायचे, म्हणून. "वरच्यांना अक्कल कुठली!" मावशी खालच्या आळीची. तिची गोष्ट वेगळी होती. एका बाईची सहा मुलं पाळण्यातच गेली. सातवं झालं तेव्हा ती खडकावर चढून ओरडली, मला मूल नाही, लांडगा झालाय! मुलं नेणाऱ्या चेटकिणी घाबरून पळाल्या आणि पोरगं जगलं. तेव्हापासून ज्या घरात मूल दगावलं, तिथल्या पुढच्या मुलाचं नाव उय्क, म्हणजे लांडगा. तिच्या मुलाचंही नाव उय्कच, ऑफिसात मात्र तो अ‍ॅलेक्स. त्यावरून मला काही उमगायला हवं होतं, पण मी नुसता हसलो.

मग आमचा मुलगा तीन महिने आधीच जन्मला. वजन किलोभरही नाही. त्याच्या आधीचं एक बाळ आम्ही गमावलेलं. माझी बायको आशा त्या काचेच्या पेटीजवळून हलेना. मावशी रोज डबा घेऊन दारात उभी. "उय्क कसा आहे?"

तिसऱ्या दिवशी मी भडकलो. माझ्या आजोबांचं नाव दगडू. आधीची भावंडं गेली म्हणून ठेवलेलं, आणि गावाने आयुष्यभर ते शिवीसारखं वापरलं. म्हणून तर वडिलांनी आमची नावं निवडून निवडून ठेवली. "आमच्या घरात हे कधीच बंद झालंय, मावशी. मूल नावाने नाही, डॉक्टरांमुळे जगतं. प्लीज, त्याला असं नको म्हणूस."

तिने डबा खाली ठेवला.

"मी गावात शाळामास्तरीण होते. मीही सासूला हेच सांगितलं. पहिली मुलगी गेली होती. मुलगा झाला, सासू म्हणाली उय्क ठेव. मी आगिम ठेवलं. पहाट. चाळीस दिवससुद्धा राहिला नाही. नावाने काही होत नाही, मिलिंद. तेव्हाही कळत होतं, आजही कळतं. पण रोज वाटतं, म्हटलं असतं तर माझं काय गेलं असतं?"

त्याच दुपारी हॉस्पिटलच्या फॉर्मवर मी सुमेध लिहिलं. सही करतो न करतो तोच मशीन वाजायला लागलं. बाळाचा श्वास थांबला होता. नर्स धावत आली, तिने त्याची पाठ चोळली, आणि आकडे हळूहळू वर आले. ती गेल्यावर मी पेटीत हात घातला. वडील काय म्हणतील हा विचार मनात होताच. तरी वाकून पुटपुटलो, "ए लांडग्या, श्वास घे."

आशाने ऐकलं. म्हणाली, "मी पहिल्या दिवसापासून म्हणतेय."

सुमेध जगला, तो डॉक्टरांमुळे, हे मी आजही ठणकावून सांगतो. मावशी गेल्या हिवाळ्यात वारली. त्या दुपारचं तिला सांगायचं राहूनच गेलं, याची चुटपुट आहे. आता त्याला साधा खोकला झाला तरी मी आधी औषध देतो, मग खोलीचं दार लावून घेतो, आणि त्याला त्या नावाने हाक मारतो.