दसऱ्याची चावी

निजामाच्या अमलात जुन्या जालन्यात माझं शिंपीकाम होतं. मशीन मी चालवायचो, काज-बटण बायको करायची. पोट शिलाईवर भरायचं, जीव मात्र भिंतीवरच्या जुन्या घड्याळांत अडकलेला. छावणीतल्या साहेबांच्या बंगल्यांतून निघालेली, कुणाच्या माळ्यावर गंजत पडलेली घड्याळं मी घेऊन यायचो आणि धुऊन-पुसून चालती करायचो. सात जमली होती. त्यांना घरात कुणी हात लावायचा नाही, हा माझा हुकूम. माझा स्वभाव तेव्हा तापट होता. आताही फार निवळलाय असं नाही.

एकदा मी बाहेर असताना बदनापूरकडचे एक शेतकरी आपलं घड्याळ घरी ठेवून गेले. बारा वर्षं बंद होतं म्हणे. दुपारी जेवून मी ते उघडायला बसलो.

"अवो, ते पाव्हणे सांगून गेले," बायको म्हणाली, "त्यांच्या घरी दर दसऱ्याला..."

"तू काज कर."

घड्याळ उघडण्याआधी त्याची कमान, म्हणजे चावीनं आत गुंडाळली जाणारी पोलादी पट्टी, सैल करायची असते, हे शेंबडं पोरही सांगेल. पण बारा वर्षं बंद असलेल्या घड्याळाची कमान कसली ताणलेली असणार! शिवाय चावीही सोबत नव्हती. आतलं यंत्र म्हणजे दोन पितळी पत्रे, मधे चाकं आणि पत्रे धरून ठेवणारे चार खांब. ते पाटावर उताणं ठेवून मी एकेक पेच काढत गेलो. चौथा सुटला आणि वरचा पत्रा एका बाजूनं उचलला गेला. आतून करकरलं. मी दोन्ही हातांनी पत्रे दाबून धरले. कमान गच्च भरलेली होती.

"काय झालं?"

"जवळ येऊ नकोस! पाहुणे काय म्हणाले?"

"दसऱ्याला हत्यारांसंगं घड्याळाची बी पूजा करतेत. फिरंल तवर चावी देतेत. बंद असलं तरी रितं ठेवू न्हाई म्हणतेत. चावी देव्हाऱ्यातच ऱ्हाती."

हात सोडला, की ती पोलादी पट्टी उसळून माझी बोटं कापणार होती. बोटं गेली की शिंप्याकडं उरतं काय? पेच परत लावावेत, तर खांब भोकांतून सटकलेले. घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात नव्हता. मी पुरता घाबरलो होतो.

"चावी हवी. डब्यात आपल्या घड्याळांच्या सात आहेत, एखादी बसते का..."

तिनं डबा उघडला, न चाचपडता एक उचलली आणि लावली. बसली.

"तुला कसं कळलं?"

"लग्नसराईत तुम्ही पंधरा-पंधरा दिवस गावोगाव शिवायला जाता. एकदा चावी दिली की आठच दिवस चालतेत. मंग मागं घड्याळं कोण चालू ठेवतं?"

आणि मी चारचौघांत छाती फुगवून सांगत होतो, की माझ्या हातचं घड्याळ पंधरा दिवस चालतं!

"चावी घट्ट धर. सुईनं चाक अडवणारा तो खटका उचल. अर्धा फेरा मागं येऊ दे, मग खटका सोड. चावी निसटली तर माझी बोटं..."

"म्हाईत हाय. वरडू नका."

अर्धा फेरा, कट. पुन्हा अर्धा फेरा, कट. माझे हात बधिर झाले होते. दोनदा मी ओरडलोच. मग तिच्या घामेजल्या मुठीतून चावी निसटली आणि गरकन फिरली. तिनं हात मागं घेतला नाही. अंगठा मधे घालून तिनं चावी अडवली, पुन्हा धरली आणि राहिलेले फेरे उतरवले.

कमान सैल पडली. मी हात उचलले, पण बोटं उघडेनात. तिनं ती एकेक करून उघडली, सगळी हलतात का पाहिलं. तिच्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं. मला रडू कोसळलं. लाज वाटत होती. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि पहिल्यांदाच मी तिला म्हणालो, "चुकलो."

"ते ऱ्हाऊ द्या. वल्लं फडकं बांधा. आन मौलवीसाहेबांच्या शेरवानीची काजं आता तुम्हीच करा."

मी केली. आमचे जुने गिऱ्हाईक, उर्दू शाळेतले मौलवीसाहेब, शेरवानी न्यायला आले. घडी उलगडून त्यांनी पहिल्या काजावरून बोट फिरवलं, मग दुसऱ्यावरून, आणि काळजीनं माझ्याकडं पाहिलं.

"क्यों मियाँ, भाभी की तबियत तो ठीक है ना?"