दूधकाकांचा फोटो आणि मुलींची जर्सी

मनापासून मदत करणाऱ्या माणसाला ‘तुमचा फोटो जर्सीवर नको’ हे न दुखावता कसं सांगायचं? मी घरातली पहिली पदवीधर, पण याचं उत्तर मला अजून येत नाही.

शाहूपुरीतल्या एका दुकानात मी संगणकावर, कोरलड्रॉमध्ये, खेळाच्या जर्सी डिझाइन करते. आज एका गावच्या मुलींच्या फुटबॉल संघाचं काम होतं. खर्च दूधकाकांचा. डेअरीत दूध पोचवलं की रिकाम्या टेम्पोतून तेच मुलींना मैदानावर सोडतात.

काका मोबाइलवरचा आपला फोटो दाखवत म्हणाले, “पोरी, छातीवर माझा फोटो घाल. मोठा घाल.”

त्यांच्या मागे उभी असलेली कर्णधार वैष्णवी मला खुणेनं ‘नको, नको’ म्हणत होती.

मी पळवाट काढली. “काका, मोबाइलवरचा फोटो मोठा केला की फाटतो, अंधुक छापला जातो.”

“मग ह्यो घे की.” त्यांनी पेनड्राइव्ह काढला. आत स्टुडिओतला, फेटा बांधलेला फोटो.

आता खरं बोलणंच भाग होतं. “काका, तुमचा फोटो छातीवर घेऊन खेळायला मुलींना अवघड वाटतंय.”

काका वैष्णवीकडे वळले. “व्हय गं? मग मला बोलायचं न्हाय?”

“तुम्ही रागावून टेम्पो बंद केला असता तर?”

काकांनी हात झटकला. “टेम्पो काय माझ्या फोटोवर चालतोय? डिझेलवर चालतोय. काढ तो फोटो.”

आवाज मात्र उतरला होता. तुम्ही अशा वेळी काय करता, सांगा. मी यादीत काकांच्या मापाची एक जर्सी वाढवली, पाठीवर ‘दूधकाका’ लिहिलं आणि फाइल छपाईला पाठवून दिली.