पावड्यांवरची गाडी

आमचं घर नवऱ्याच्या दोन पायांवर चालत होतं. हे मी बोलण्यापुरतं म्हणत नाही. नागपुरातल्या आमच्या मोहल्ल्यात घरोघरी खड्ड्यातला माग. विणणारा काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि खालच्या दोन लाकडी पावड्या आळीपाळीने दाबतो. डावी खाली गेली की उजवी वर, उजवी खाली गेली की डावी वर. त्यातून लुगडं निघायचं आणि लुगड्यातून चूल पेटायची. माझ्या सासऱ्यांची, मामाजींची, नजर अधू झाल्यापासून माग यांच्या एकट्याच्या अंगावर होता. मी शेजारी बसून सुताच्या कांड्या भरायची. यांचा राग, यांची खुशी मला पायांच्या आवाजावरून कळायची, कारण तोंडाने हा माणूस कधी धड काही सांगायचा नाही.

स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांनी गावात एक प्रदर्शन भरलं होतं. तिथे कुठल्याशा कंपनीने 'उद्याची गाडी' म्हणून एक व्हॅन मांडली होती. आखूड गोल नाक, मोठाल्या काचा, आत गादीची बाकं. दिवे होते, स्टिअरिंग होतं, फक्त इंजिन नव्हतं. दाखवायला केलेली गाडी ती, चालवायला नव्हे. आम्ही दोघंही रांग लावून पाहून आलो. पुढे प्रदर्शन उठलं, तंबू गेले आणि गाडी तिथेच राहिली. फिरत फिरत ती यांच्या ओळखीच्या एका मिस्त्रीच्या आवारात येऊन पडली आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली नव्हती. डोळे आहेत, तोंड आहे आणि पोटात काही नाही, अशा वस्तूकडे मला बघवत नाही.

यांना मात्र तिचं वेड लागलं. गिरणीच्या कापडापुढे हातमागाचं लुगडं मागे पडत चाललं होतं, हे काही खोटं नव्हतं. त्या गाडीतून नरखेडकडची संत्री आणायची, इथल्या बाजारात टाकायची, खड्ड्यातून कायमचं बाहेर पडायचं, असा यांचा बेत. मिस्त्रीने तिच्याखाली घालायला लष्कराच्या भंगारातून एका ट्रकचा सांगाडा आणि इंजिन आणलं. तो ट्रक भंगारात कशाने गेला, असं मी विचारलं. मिस्त्रीने ऐकलंच नाही असं केलं आणि पाना मागितला.

गाडीच्या आखूड नाकात इंजिन मावेना. शेवटी ते आतच, दोन बाकांच्या मधोमध बसवून वरून पत्रा ठोकला. चालवणाऱ्याच्या पायांपुढे आता नाकाचा पातळ पत्रा तेवढा होता. पाय ठेवायला जागा उरली ती आमच्या मागाच्या खड्ड्याएवढी. हे मी बोलून दाखवलं तर हे खूश झाले.

"मंग त बेसच झालं. पायाले नवीन काही वाटनार नाही."

त्यात क्लच आणि ब्रेकवरच्या लोखंडी पट्ट्या मोडलेल्या निघाल्या. यांनी एका सकाळी मागाच्या पावड्या सोडल्या, कापून आखूड केल्या आणि गाडीत नेऊन ठोकल्या. घरात एकच माग, आणि त्याचेच पाय काढून नेले! मी भांडले. हे म्हणाले, "लोखंड मले वळखत नाही वं. हे लाकूड मले वळखते." मामाजी आपल्या कोपऱ्यातून एवढंच म्हणाले, "त्या पावड्याईले एकच काम येते गा." त्या दिवसापासून घरात खटखट थांबली. मला रिकाम्या मागाकडे पाठ करूनच स्वयंपाक करावासा वाटे.

मिस्त्रीच्या आवारात यांचं शिकणं सुरू झालं. मागावर बसताना करतात तसंच सगळं: चपला बाहेर, पावडीला हात लावून तो कपाळाला, मग अनवाणी पाय आत. मी डबा घेऊन जायची आणि दारातून पाय बघायची. उजव्याने ब्रेक दाबला की डावा क्लचवरून आपोआप वर येई. डाव्याने क्लच दाबला की उजवा वर येई. गाडी थांबवताना दोन्ही एकदम दाबायचे असतात, पण हे पाय एकदम खाली काही जात नसत. कसे जातील? लहानपणापासून त्या पायांनी ते कधी केलंच नव्हतं.

"अहो, तुमी गाडी चालवून राहिले का लुगडं विणून राहिले?" मी म्हटलं.

मिस्त्री पोट धरून हसला. हेही हसले. सपाट आवारात काही बिघडतही नव्हतं. ब्रेक लागे, क्लच सुटे, गाडी धक्का खाऊन बंद पडे आणि उभी राही. सगळ्यांना वाटलं, थांबली ना, मग झालं. मिस्त्री म्हणाला, "सवय होईल, वहिनी." मी हसले नाही.

पहिल्या फेरीला मी हट्टाने सोबत गेले. मामाजींनी विचारलं, काहून जातं? मी म्हटलं, संत्री खायला. खरं कारण एवढंच होतं की यांचे पाय मला डोळ्यांसमोर हवे होते. जाताना सगळं ठीक झालं. यांनी वाटेत गाणंसुद्धा म्हटलं, लग्नानंतर पहिल्यांदाच. मी ऐकत होते आणि मला रडू येत होतं.

येताना मागे संत्र्यांचा भार होता. एके ठिकाणी रस्ता नाल्याच्या पुलाकडे उतरत जातो. समोर पुलावर बैलगाडी होती. यांनी ब्रेक दाबला. गाडी हळू झाली, गचके खाऊ लागली, म्हणून यांनी क्लच दाबला, आणि उजवा पाय वर आला. मी तो वर येताना पाहिला. गाडी मोकळी सुटली. यांनी घाबरून परत उजवा दाबला तर डावा वर आला, गाडीने जोराचा हिसका दिला, परत डावा, परत उजवा. अगदी घरच्यासारखी लय होती. "दोन्ही दाबा! दोन्ही!" मी ओरडत होते. हे माझ्याकडे बघत होते आणि पाय आपलं काम करत होते.

बैलगाडी वाचवायला यांनी स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी कठड्यावर गेली. मला कपाळाला लागलं तेवढंच. गाडीचं नाक पुठ्ठ्यासारखं आत आलं. यांचा डावा पाय त्या नाकाच्या आणि इंजिनाच्या मध्ये सापडला होता. खाली नाल्यात संत्री चालली होती आणि गाडीवान बैलांना गोंजारत रडत होता.

डॉक्टरांनी पाय गुडघ्यापासून काढला.

गाडी परत मिस्त्रीच्या आवारात गेली. त्याने पावड्या तेवढ्या सोडवून आणून दिल्या. डावी धुऊन आणली होती. मामाजींनी चाचपत चाचपत त्यांना जोड दिले आणि मागाला बांधल्या. आमच्या घरी बायांनी मागावर बसायची रीत नव्हती. त्या दिवशी रीत कोणी काढली नाही. मी हात लावून कपाळाला नेला आणि पाय खड्ड्यात सोडले.

हे भिंतीला टेकून बसले होते, डोळे मिटून. मी डावी पावडी दाबली. यांचा उजवा पाय जमिनीवरून उचलला गेला. मग मी उजवी दाबली, आणि यांच्या धोतराचा दुमडलेला काठ तेवढा हलला. माझे पाय थांबले.

"थांबली काहून?" हे डोळे न उघडताच म्हणाले. "चालू दे ना वं."