रक्त पातळ करायची गोळी

आईच्या गोळ्यांच्या डबीवर चिठ्ठी मीच चिकटवली होती: 'रक्त पातळ करायची. रोज संध्याकाळी सहा वाजता.' सहा वर्षांपूर्वी तिच्या हृदयाची एक झडप बदलून धातूची बसवली. दवाखान्यातून सुटताना तीन पानांचं कार्ड मिळालं, तिन्ही पानं इंग्रजीत. ज्या गोळीवर माणसाचा जीव टांगलेला आहे, तिची माहिती त्याच माणसाला वाचता येऊ नये, याचा मला इतका संताप आला की घरी आल्याआल्या मी मराठी चिठ्ठ्या लिहायला बसले. आमचं घर पत्रकांचं. बाबा विणकरांच्या संघटनेत होते. मी अक्षरं शिकले ती मोर्चाच्या पत्रकांवर, आणि गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. लोकांच्या भाषेत लिहिलं की निम्मी लढाई जिंकली, अशी आमच्याकडे समजूत होती.

आई चौथी शिकलेली, सावकाश पण नीट वाचणारी. सहा वर्षं रोज संध्याकाळी ती डबी हातात घ्यायची, चिठ्ठी वाचायची, गोळी गिळायची. धातूवर रक्ताची गुठळी धरते. गुठळी झडपेत अडकली तर झडप बंद पडते, सुटून मेंदूकडे गेली तर लकवा. म्हणून गोळी जन्मभराची, आणि महिन्याला रक्ताची तपासणी. त्यात आयएनआर नावाचा आकडा येतो. रक्त गोठायला किती वेळ लावतं ते तो सांगतो. आईचा आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये हवा. तो तसा आला की ती पेपरात पास झाल्यासारखी खूश व्हायची.

गेल्या हिवाळ्यात तिची उजवीकडची खालची दाढ ठणकायला लागली. आधी लवंग झाली, मग मिठाचं पाणी झालं, मग ती पोळी वरणात भिजवून एका बाजूनं गिळायला लागली. गालावर सूज आली तेव्हा मी तिला सरकारी दंत रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टर माझ्याच वयाच्या होत्या. दाढ काढावीच लागेल, म्हणाल्या. आत पू आहे, आणि अशा झडपेच्या माणसाच्या तोंडातली घाण रक्तातून हृदयापर्यंत पोचू शकते. सूज उतरायला औषध दिलं, पुढच्या आठवड्याची तारीख दिली, आदल्या दिवशीचा आयएनआर आणायला सांगितला. रक्ताच्या गोळीचं हृदयाच्या डॉक्टरांशी मीच बोलते, तोवर काही बदलू नका, असंही सांगितलं. आई तेव्हा आतल्या खोलीत एक्स-रे काढून घेत होती. काहीच बदलायचं नाही, म्हणजे आईला सांगण्यासारखंही काही नाही, असं मी धरून चालले.

त्याच दिवशी संध्याकाळी कुहीकडच्या गावाहून मावशी आली, आईची थोरली बहीण. येताना दोन पिशव्या भरून भाजी: पालक, मेथी, सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या, आणि धान निघाल्यावर त्याच बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, उगवते ती लाखोळीची कोवळी भाजी. आईचा उतरलेला चेहरा पाहून ती म्हणाली, "तुले रक्तच नाही उरलं वं. आन् जे हाये तेही पातळ." दोघी लहानपणापासून मागावर राबलेल्या. सुताला भाताच्या पेजेची खळ दिली नाही तर ते मागावर टिकत नाही, तटातट तुटतं, हे त्यांना जन्मापासून माहीत. पातळ म्हणजे खळ नसलेलं. पातळ रक्ताच्या बाईची दाढ उपटली तर रक्त थांबणार कसं? आठवडाभर घरात सकाळ-संध्याकाळ पालेभाजी शिजली. मी कौतुकानं खाल्ली. संध्याकाळी सहा वाजता मी घरी नसायचे.

ठरल्या दिवशी आम्ही सकाळीच पोचलो. आई खुर्चीवर बसली, डॉक्टरांनी रिपोर्ट उघडला आणि तिच्याकडे न बघता मला विचारलं की हा रिपोर्ट यांचाच आहे ना. आकडा दीडच्याही खाली होता.

"घट्ट झालं ना रक्त?" आई खुर्चीतूनच म्हणाली. तिच्या आवाजात केवढा तरी आनंद होता.

डॉक्टरांनी हातातलं बाजूला ठेवलं. "काकू, गोळी घेताय ना रोज?"

"पाच दिवस झाले, नाही घेतली. पोरगी इकडं तिकडं धावते, तिले काहून तरास द्यायचा, म्हणून मीच बंद केली. बहिणीनं भाजी आणली होती, ते खाल्ली. आता काढा दाढ."

डॉक्टर शांतपणे एकेक विचारत गेल्या: दम लागतो का, बोलताना जीभ अडखळली का, हातपाय जड वाटले का, झडपेचा आवाज नेहमीसारखा येतो का. आईची झडप शांत खोलीत ऐकू येते. आई म्हणाली, वाजते, घड्याळावानी. डॉक्टरांनी तिथूनच हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. दाढ काढायची नाही, आईला आत्ताच्या आत्ता तिकडे न्यायचं, असं ठरलं.

आई उठायला तयार नव्हती. आठवडाभर तिनं जिवावर उदार होऊन तयारी केली होती, आणि आता सगळे तिलाच चूक म्हणत होते.

"पातळ रक्त वाहत राहते," ती म्हणाली. "घट्ट रक्त थांबते. इतकं तं समजते मले."

"रक्त पातळ होतच नाही, काकू. त्यात काही पाणी पडत नाही. जेवढं दाट होतं तेवढंच राहतं. फक्त गोठायला उशीर करतं."

"मंग त्याले पातळ काहून म्हणता?"

डॉक्टरांनी लगेच मान्य केलं. म्हणाल्या, सगळेच तसं म्हणतात, शब्द चुकीचाच आहे. आईनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "हिनं लिहून ठेवलं डबीवर," ती म्हणाली. तिला तक्रार करायची नव्हती, ती फक्त पुरावा देत होती.

इंग्रजी कार्डावर मी सहा वर्षं चिडून होते. त्या कार्डानं आईला काही सांगितलं नव्हतं, हे खरं. पण मी तिला सांगितलं होतं, सोप्या मराठीत, मोठ्या अक्षरात, आणि चुकीचं.

हृदयाच्या दवाखान्यात सोनोग्राफीत झडप नीट उघडत-मिटत असलेली दिसली. गुठळी नव्हती. ते ऐकल्यावर मी व्हरांड्यात जाऊन रडले. गोळी त्याच दिवशी पुन्हा सुरू झाली, आकडा वर येईपर्यंत पोटात इंजेक्शनं. पालेभाजीनं गोळीचा जोर कमी होतो, म्हणून भाजी सोडायची नाही पण रोज सारखीच खायची, एक दिवस डोंगर आणि एक दिवस काहीच नाही असं चालत नाही, असं त्यांनी सांगितलं. मावशीला फोनवर हे कळवलं. ती म्हणाली, पुढच्या वेळी मी वांगे आणतो.

परतताना रिक्षात आई एकाएकी म्हणाली, "म्हणजे दह्याले विरजण कमी लावल्यावानी. लागते, पण उशिरा लागते."

सहा वर्षांत मला हे सुचलं नव्हतं.

दोन आठवड्यांनी, एका सोमवारी सकाळी, दाढ निघाली. सोमवारी आणि सकाळी का, तेही डॉक्टरांनी आईलाच समजावलं: नंतर रक्त आलं तर दिवस हाताशी हवा, आणि पुढचे दिवस दवाखाना उघडा हवा. आदल्या दिवशीचा आकडा अडीचच्या वर होता. आदल्या संध्याकाळची गोळी आईनं घेतली होती, माझ्यासमोर, जरा जास्तच मोठ्यानं घोट घेत. तासभर आधी हृदयाच्या बचावासाठी जंतू मारणाऱ्या कॅप्सूल दिल्या. एकच दाढ काढली. खड्ड्यात विरघळणारा स्पंज भरला, वर टाके घातले, रक्त गोठायला मदत करणाऱ्या औषधात भिजवलेला कापसाचा बोळा दातांखाली दिला आणि घड्याळ लावून बसवलं.

पहिल्या वीस मिनिटांनी बोळा लाल होता. दुसऱ्या वीस मिनिटांनी कडेला गुलाबी. आई तोंड मिटून, हाताच्या खुणेनं मला बस म्हणत होती. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी टॉर्च मारून आत पाहिलं आणि मलाही बोलावून दाखवलं. खड्ड्यात काळपट लाल गोळा धरला होता. लागलं होतं दही.

संध्याकाळी थोडं पाझरलं. सांगितल्याप्रमाणे ओला बोळा चावून ती बसली, थांबलं. दुखण्यावर फक्त लिहून दिलेली साधी गोळी. दुकानातून मनानं दुसरी आणायची नाही, दुखणं थांबवणाऱ्या काही गोळ्यांनीही रक्त जास्त वाहतं. सहा वाजता तिनं डबी मागितली.

मी मात्र स्वस्थ बसले नाही. दातांच्या दवाखान्याच्या भिंतीवर लावायला एक पत्रक लिहायला घेतलं. आपल्याच राज्यात आपल्या भाषेत औषधाची माहिती न मिळणं हा अपमान आहे, इथून सुरुवात करून मी पानभर गेले. आईला वाचून दाखवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"गोळी घ्याव का नाही, ते कुठी हाये यात?"

ते शेवटच्या परिच्छेदात होतं. मी म्हटलं, आधी माणसांना राग यायला हवा. ती म्हणाली, "दाढ दुखणाऱ्याले राग आलेलाच असते. त्याले गोळीचं सांग."

पत्रकात आता पाच ओळी आहेत. हृदयाची, रक्ताच्या गुठळीची गोळी चालू असेल तर आत जाताच डॉक्टरांना सांगा. ती मनानं बंद करू नका. गोळीनं रक्त पातळ होत नाही, गोठायला उशीर होतो. बाकी दोन ओळी तपासणीच्या आणि भाजीच्या. डॉक्टरांनी एक शब्द बदलला, रुग्णालयाच्या प्रमुखांची सही आणली आणि पत्रक नोंदणीच्या खिडकीशेजारी लावलं. अपमानाबद्दलचं मी वेगळं लिहिणार आहे. ते सोडलेलं नाही.

टाके काढायला गेलो तेव्हा आई दोन्ही बाजूंनी चावून खात होती. डॉक्टर तपासत असताना तिनंच डावीकडच्या किडक्या दाताचा विषय काढला. तो कधी काढायचा? डॉक्टरांनी कॅलेंडर पाहिलं, पुढच्या महिन्यातला सोमवार सांगितला. मी वही उघडली, पण आईनं माझ्या हातावर हात ठेवला आणि त्यांनाच विचारलं, "आकडा आदल्या दिवशीचा आणतो. गोळीचं सांगा मले. हिले नाही, मले."