लिलावकाका आणि अडकणारं बटण

लिलावकाकांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा ते मला दिसलेच नाहीत. दिसला तो कपाटाएवढा एक काळा स्पीकर. त्याला खाली दोन बारीक पाय होते आणि तो "जरा, जरा, जरा" असं पुटपुटत जिना चढत होता. मी कचऱ्याची बादली घेऊन उतरत होतो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर स्पीकर, बादली आणि मी असे तिघे एकमेकांत असे काही अडकलो की पुढे सरकता येईना आणि मागेही. किती वेळ अडकलो होतो हे मी शपथेवर सांगू शकत नाही. बायकोच्या मते सात मिनिटं. माझी मात्र तेवढ्यात दाढी वाढली, बादलीतल्या बटाट्याच्या सालींना कोंब फुटले आणि खालच्या मजल्यावरचं रांगतं बाळ आमच्या पायांमधून वाट काढत शाळेत जायला लागलं.

शेवटी स्पीकरच्या पलीकडून एक शांत आवाज आला.

"तुमच्या बाजूने भिंतीला घासतंय का? बघून सांगा. वर्णनात लिहावं लागेल."

मी सांगितलं, अंगठ्याएवढा पोपडा उडालाय. त्यावर पलीकडून विचारणा झाली, की अंगठा माझा की त्यांचा. मी म्हटलं, तुमचा अंगठा अजून पाहण्यात आलेला नाही. मग त्यांनी स्पीकरच्या कडेवरून आपला अंगठा वर काढून दाखवला. आमची ओळख झाली ती अशी, अंगठ्यापासून.

बाकीचा माणूस वर गेल्यावर दिसला. साठी ओलांडलेला, सडपातळ, चष्म्याची एक दांडी गिटारच्या तारेने बांधलेली. गावातल्या एका वाद्यांच्या दुकानात त्यांनी बत्तीस वर्षं मागच्या बाकावर बसून दुरुस्ती केली होती. दुकान बंद झालं तेव्हा मालकाकडे द्यायला पैसे नव्हते, म्हणून त्याने उरलेला माल दिला. पगाराऐवजी घरी आले ते अकरा कीबोर्ड, एक ड्रमसेट, मोडक्या गिटारी आणि अ‍ॅम्प्लिफायरची एक भिंत. ते सगळं विकायला काकांनी कॉम्प्युटरवरच्या लिलावाच्या एका साइटवर खातं काढलं. माल संपत आला तशी ते दुसऱ्यांची जुनी वाद्यं घेऊन, दुरुस्त करून विकू लागले. इमारतीतल्या पोरांनी त्यांना लिलावकाका म्हणायला सुरुवात केली आणि पोरांनी ठेवलेलं नाव पक्कं असतं.

त्यांची खोली म्हणजे एखाद्या बँडने पळून जाताना मागे टाकलेलं सामान. पलंगाच्या दोन्ही बाजूंना कीबोर्ड उभे. टॉवेल माइकच्या स्टँडवर वाळायचा. खुर्ची एकच, तिच्यावर काका. पाहुण्याने बसायचं ते अ‍ॅम्प्लिफायरवर, आणि पाहुणा म्हणजे मी. मी बसलेला अ‍ॅम्प्लिफायर विकला गेला की मला दुसरा मिळायचा. अशा रीतीने मी त्या घरात चौदा आसनं बदलली.

गंमत म्हणजे काकांना एकही वाद्य वाजवता येत नव्हतं. किंवा सगळी येत होती, पण चाळीस सेकंदच. दुरुस्त केलेलं वाद्य तपासायला दुकानात त्यांनी एक तुकडा बसवला होता, त्यात वरपासून खालपर्यंतचे सगळे स्वर यायचे. ट्रम्पेट असो की कीबोर्ड, तोच तुकडा. ते तो रेकॉर्ड करून साइटवर टाकायचे. चाळीस सेकंद झाले की हा माणूस थांबायचा, आणि पुढे काय असेल असं वाटून माझ्यासारखा अडाणीही हळहळायचा.

पण त्यांची खरी कला वर्णनात. दुसरे विक्रेते लिहायचे, उत्तम अवस्था, लगेच घ्या. काका लिहायचे: "अ‍ॅम्प्लिफायर. चालू केल्यावर आत कुणीतरी कागद चुरगाळतंय असं वाटतं. पाच मिनिटांत थांबतं. न थांबल्यास उजव्या बाजूला एक थाप मारावी. डाव्या बाजूला मारू नये." इतका प्रामाणिकपणा बघून लोकांना आधी धक्का बसायचा, मग दया यायची आणि मग ते बोली लावायचे.

प्रत्येक वस्तूखाली प्रश्न विचारायची एक चौकट असायची. काकांचा जीव त्या चौकटीत होता. तार कितव्या नंबरची, एवढंच कुणी विचारलं तरी ते पानभर उत्तर द्यायचे. मी एकदा म्हटलं, "काका, त्याने नंबर विचारलाय, तारेचं चरित्र नाही." ते म्हणाले, विचारलंय ना, मग नीट सांगायला नको? दिवसभरात दुसरं कुणी त्यांना काही विचारत नसे. काकू जाऊन चार वर्षं झाली होती. मुलं नव्हती. टपाल यायचं ते विजेच्या बिलाचं, आणि बिल काही विचारत नाही.

काकूंचं एक अकॉर्डियन होतं. लाल, पत्र्याच्या पेटीतलं. त्याच्या डावीकडचं तिसरं बटण दाबलं की आत अडकायचं. मी सहज विचारलं, की अख्ख्या गावाची वाद्यं दुरुस्त करता, मग हे बटण का तसंच? काकांनी चष्मा काढला, पुसला आणि आयुष्यातली एकमेव लबाडी कबूल केली. काकू पहिल्यांदा दुकानात आल्या त्या हेच बटण घेऊन. काकांनी ते दुरुस्त केलं, पण पंधरा दिवसांनी पुन्हा अडकेल इतपतच. पंधरा दिवसांनी काकू पुन्हा आल्या. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी काकू म्हणाल्या, तुम्हाला काम येत नाही की मी परत यावं असं वाटतं? काका म्हणाले, काम येतं. मग लग्नच झालं, आणि बटण राहून गेलं.

हे अकॉर्डियन काकांनी एक दिवस लिलावाला लावलं. मी चाटच पडलो. म्हटलं, विकताय? म्हणाले, छे, विकतोय कुठे. मग लावलंत कशाला? तर म्हणाले, लोक विचारतात.

आणि लोक खरंच विचारायचे. गिटारला दोन प्रश्न आले तर अकॉर्डियनला वीस. भाव भरमसाट ठेवून पाहिला होता, पण मग लोक नुसते बघून पुढे जायचे. म्हणून भाव रास्त ठेवायचा, आठवडाभर उत्तरं द्यायची, आणि रविवारी संध्याकाळी सहाला लिलाव संपताना ते दुसऱ्या कुणाच्या हाती लागू द्यायचं नाही. हे शेवटचं काम माझं. मी सगळ्यात वरची बोली लावायची, मग काका साइटला कळवायचे की खरेदीदाराने विचार बदलला, आणि पुढच्या महिन्यात अकॉर्डियन पुन्हा हजर. अंगठ्याएवढ्या पोपड्याची नोंद करणारा माणूस महिन्यातून एकदा ही खोटी बोली चालवून घ्यायचा आणि त्या दिवशी माझ्याकडे बघायचा नाही. साइटच्या दृष्टीने मी मात्र दर महिन्याला अकॉर्डियनसाठी वेडा होऊन सोमवारी शुद्धीवर येणारा इसम होतो. आम्हा दोघांना ताकीदही आली होती: पुन्हा व्यवहार मोडला तर खाती बंद.

प्रश्न विचारणाऱ्यांत एक होती भाता६१. साइटवरचं नाव ते, खरं कुणालाच माहीत नाही. पहिल्या महिन्यात तिने विचारलं, पेटीला आतून ओलीचा वास येतो का. दुसऱ्या महिन्यात, पट्टे बदललेत का. तिसऱ्या महिन्यात लिहिलं की ती शाळेत संगीत शिकवायची, तिचं स्वतःचं अकॉर्डियन घर बदलताना मागे राहिलं. आणि खाली विचारलं, तुम्ही हे रोज वाजवता का? काकांनी पानभर उत्तराचे चार कच्चे मसुदे केले आणि शेवटी लिहिलं, "वाजवत नाही. पुसतो."

तिने बोली कधीच लावली नाही. नुसती विचारायची. काका आता महिन्याचे दिवस तिच्या प्रश्नांवरून मोजायचे. मी सुचवलं, सरळ फोन नंबर द्या की. तर चौकटीत नंबर लिहिला की साइट तो पुसून टाकते, आणि काका नियम मोडणारे नव्हेत. एक सोडून.

सहाव्या महिन्यात ते आमच्या दाराशी आले. हातात चौकटीतला प्रश्न वहीच्या कागदावर उतरवून आणलेला. वर्णनात काका नेहमी लिहायचे, घरी येऊनच न्यावे, कुरियरने पाठवणार नाही. त्यावर भाता६१ ने विचारलं होतं, जिना किती मजल्यांचा आहे?

"जिना कोण विचारतं, शेजारी?" काका म्हणाले. "ज्याला चढायचाय तोच ना?"

बायको आतून म्हणाली, "अहो काका, मग चढू द्या की त्यांना."

काकांनी उत्तर दिलं होतं: तीन मजले, दुसऱ्यावर थांबायला खिडकी आहे. मग मला सांगितलं, की ह्या वेळी तिने बोली लावली तर लावू दे. अकॉर्डियन गेलं तर जाऊ दे. न्यायला ती वर येईल, पेटी उघडून बघेल, तिसरं बटण दाबेल, ते का अडकतं ते काका सांगतील. तासभर तरी लागेल.

"तुम्ही फक्त काही करू नका," ते म्हणाले.

काही न करणं हा माझा हातखंडा विषय आहे. मी छातीवर हात ठेवून वचन दिलं.

त्या आठवड्यात काकांनी खोली आवरली. ड्रमसेट पलंगाखाली गेला. टॉवेलला खिळा मिळाला. आणि त्यांनी एक दुसरी खुर्ची आणली, जुन्या बाजारातून, लाकडी, एक पाय किंचित आखूड. रविवारी संध्याकाळी मी सवयीने वर गेलो आणि तिच्यावर बसायला लागलो, तर काकांनी अ‍ॅम्प्लिफायर पुढे सरकवला.

"ती पाहुण्यांची आहे," ते म्हणाले.

साडेपाचला भाता६१ ने पहिली बोली लावली. काकांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. तेवढ्यात पडद्यावर आकडा वाढला. तिच्या वरची बोली कुणीतरी लावली होती. सगळ्यात वर कोण आहे ते लिलाव संपेपर्यंत साइट दाखवत नाही, मागे पडलेल्यांचीच नावं दाखवते. काका म्हणाले, असेल कुणी हौशी. तिने पुन्हा लावली. पुन्हा कुणीतरी वर. आणि त्याच क्षणी माझ्या खिशात फोन थरथरला.

पहिल्यांदा मी लक्ष दिलं नाही. दुसऱ्यांदा दिलं. तिसऱ्यांदा फोन बाहेर काढला. साइटचा निरोप होता: तुमची बोली सगळ्यात वर आहे.

त्या साइटवर एक सोय आहे. आपण जास्तीत जास्त किती देणार ते आधीच सांगून ठेवायचं, म्हणजे समोरचा वाढला की यंत्र आपल्या वतीने आपोआप एक पायरी वर जातं. दर रविवारी सहाला पहारा द्यायचा मला कंटाळा. एकदा केस कापायला बसलो होतो तेव्हा अकॉर्डियन जाता जाता राहिलं. तेव्हापासून मी लिलाव लागला की पहिल्याच दिवशी एक अवाच्या सवा आकडा टाकून मोकळा व्हायचो. काकांना वाटायचं, शेजारी शेवटच्या मिनिटापर्यंत डोळ्यांत तेल घालून बसतो. मी ते वाटू दिलं होतं. ह्या महिन्याचा आकडाही मी, ताकीद विसरून, सोमवारीच टाकला होता. काका जिन्याचा प्रश्न घेऊन आले ते बुधवारी.

मी फोन काकांपुढे धरला. त्यांनी वाचलं. बोली मागे घ्यायची सोय शेवटच्या दिवशी बंद असते, हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं. भाता६१ अजून वाढवत होती, अकरा वेळा वाढवली. प्रत्येक वेळी माझा खिसा थरथरायचा आणि काका पडद्याला म्हणायचे, "अजून एक, बाई." माझा आकडा काय आहे ते मी त्यांना सांगितलं नाही. बारावी बोली आली नाही. सहा वाजले आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत माझं अभिनंदन झालं.

"तुम्हाला काही करू नका म्हटलं होतं," काका म्हणाले.

"मी काहीच केलं नाही, काका."

ते हसले असते तर बरं झालं असतं. ओरडले असते तरी चाललं असतं. त्यांनी नुसतं उठून पलीकडची खुर्ची भिंतीला लावून ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साइटवरून तिला निरोप पाठवला, की चूक झाली, अकॉर्डियन तुमच्यासाठीच आहे, तुमच्या पहिल्या बोलीला घेऊन जा. उत्तर गुरुवारी आलं. दोन ओळींचं. "आभारी आहे. रविवारीच दुसरं मिळालं, तिथे लिलाव साडेसहाला संपत होता. त्याची सगळी बटणं चालतात."

व्यवहार पुन्हा मोडला असता तर काकांचं खातं बंद झालं असतं, म्हणून अकॉर्डियन रीतसर मी घेतलं. काकांनी ते स्वतः खाली आणून दिलं, पेटी पुसून, पावतीसकट. महिन्यातून एकदा भाता उघडा, नाहीतर घड्या चिकटतात, असं सांगून वर गेले. ते आता आमच्या कपाटावर आहे. आमच्या घरात ते कुणालाच वाजवता येत नाही.

त्यानंतर काकांनी खुर्ची विकायला लावली. साइट वाद्यांची, म्हणून विभाग 'इतर'. वर्णन नेहमीसारखं: लाकडी, पुढचा डावा पाय बोटाच्या पेरभर आखूड, खाली कागदाची घडी ठेवावी. पहिल्याच दिवशी गेली. प्रश्न एकही आला नाही.