पन्नासावी पुंगळी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. माझ्या शेवटच्या तपासातला चोर मीच होतो.

पोलिसातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन आम्ही दोघं स्टुटगार्टला मुलीकडे राहायला आलो, तेव्हाची ही घटना. खबर बायकोने आणली.

"अहो, खालचे आजोबा केलरमध्ये बंदुकीच्या पुंगळ्या भाजतायत. शेंगदाण्यासारख्या."

मुलीला दुभाषी म्हणून घेऊन मी केलरमध्ये, म्हणजे तळघरात उतरलो. आजोबा हौशी नेमबाज निघाले. मी काही विचारायच्या आत त्यांनी परवाना पुढे केला. झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या ते पुन्हा भरण्यासाठी तयार करत होते. वापरून वापरून पितळ कडक होतं, गळ्याशी चिरतं. म्हणून गळा तेवढा ज्योतीवर फिरवून मऊ करायचा, बूड तापू द्यायचं नाही. मग पुंगळी पाण्यात. चुस्स. समोर पन्नास भोकांचा लाकडी ठोकळा, त्यात पन्नास पुंगळ्या.

गुन्हा नव्हताच. तरी निघताना माझ्या हाताने एक उचलून खिशात घातली. पंचवीस वर्षांत घटनास्थळावरून पुंगळी न घेता मी कधी परतलो नव्हतो.

चार दिवसांनी आजोबा दारात.

"एकोणपन्नासच आहेत म्हणतात," मुलीने सांगितलं. "मोजणीत चुकणाऱ्या माणसाने बंदूक बाळगू नये, सोमवारी परवाना परत करणार. बाबा, तुम्ही शोधाल का, विचारतायत."

मी रीतसर जबाब घेतला.

"पुंगळ्या कोणाला दाखवल्या होत्या?"

"तुम्हाला."

"आणखी कोणाला?"

"कोणालाच नाही."

मी तसं लिहून घेतलं.

ते गेल्यावर कोट चाचपला. खिसा रिकामा.

"ती होय?" बायको म्हणाली. "नोकरीची आठवण ना? चिंच लावून लख्ख केली." देवासमोर पुंगळीत उदबत्ती जळत होती.

"मुद्देमाल आहे. जमा करावा लागेल."

"इथेसुद्धा?" म्हणत तिने नमस्कार करून ती दिली.

रविवारी ती मला आजोबांच्या तळघरातल्या बाकाखाली 'सापडली'. त्यांनी ठोकळ्यात लावली. एकोणपन्नास जणींच्या गळ्याला ज्योतीचा निळसर डाग. ही समईसारखी चकचकीत. त्यांनी ती उचलून नाकाशी नेली, माझ्याकडे पाहिलं आणि सावकाश काहीतरी म्हणाले.

"काय म्हणाले?" मी मुलीला विचारलं.

"म्हणतात, म्हणजे माझी मोजणी बरोबर होती."

परवाना त्यांच्याकडेच राहिला. मी आयुष्यभर संशयितांना सरसकट आच दिली. आजोबांनी मला गळ्यापुरतीच दिली.

'मी उचलली होती' हे एक वाक्य, जर्मनमध्ये, मुलीला मध्ये न घेता, त्यांना सांगणं अजून बाकी आहे.